शब्दचर्चा : ‘ऑप्टिकल काउंटरपार्ट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (खानापूर) : महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी मी जोडताऱ्यांतील क्ष-किरण स्पंदकांवर, म्हणजे ठरावीक ठेक्याने क्ष-किरणांचे स्पंद देणाऱ्या ताऱ्यांवर, टिपण लिहीत आहे. ‘ऑप्टिकल काउंटरपार्ट’साठी, म्हणजे अशा क्ष-किरण स्रोताच्या जागी दृश्य प्रकाशात जे दिसते त्यासाठी, मी ‘सहचर तारा’ असे लिहिले. मैत्रिणीने ‘प्रतिरूप’ सुचवले. कन्नड माध्यमातून आलेली मुले ‘सहचर नक्षत्र’ म्हणतात. यांपैकी ग्राह्य काय?

उत्तर (बेळगाव) : ‘नक्षत्र’ प्रथम बाजूला ठेवू. कन्नडमध्ये कोणताही तारा नक्षत्रच असतो, परंतु मराठीत मृग लागला म्हणणाऱ्याच्या मनात सत्तावीसांपैकी एक असते. ‘प्रतिरूप’ म्हणजे हुबेहूब नक्कल; येथे नक्कल काहीच नाही.

‘सहचर’ अधिक फसवा आहे, कारण तो पुष्कळदा बरोबर ठरतो. सेंटॉरस एक्स-३ या स्पंदकाचे ४.८ सेकंदांचे स्पंद ‘उहुरू’ या क्ष-किरण टिपणाऱ्या उपग्रहाला १९७१ साली आढळले आणि दर २.०९ दिवसांनी त्याला ग्रहण लागते हेही कळले. मात्र क्ष-किरणांवरून मिळालेली जागा इतकी ढोबळ होती की आकाशाच्या तेवढ्या तुकड्यात अनेक तारे बसत होते. त्यांतला कोणता, हे खगोलशास्त्रज्ञ क्शेमिन्स्की यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले, कारण एका ताऱ्याचे तेज त्याच २.०९ दिवसांच्या आवर्तनाने बदलत होते. हा तारा स्पंदकाचा खराखुरा सहचर आहे. याउलट ४यू १६२६-६७ या स्पंदकाच्या जागी दिसणारा मंद प्रकाश मुख्यतः स्पंदकाभोवतीच्या वायूच्या तबकडीचा आहे, आणि तोही स्पंदकाच्याच सुमारे ७.७ सेकंदांच्या ठेक्यावर लुकलुकतो. तेथे ‘सहचर सापडला’ असे लिहिले तर वाक्य चुकते.

म्हणून ‘सहचर’ हा शब्द जोडीतल्या दुसऱ्या ताऱ्यासाठी राखावा आणि क्ष-किरण स्रोताचे दृश्य प्रकाशात जे दिसते त्याला ‘दृश्यरूप’ म्हणावे, असे माझे मत आहे.

पुरवणी (निपाणी) : ‘दृश्यरूप’ पटले, तरी एक शंका आहे. हर्क्युलिस एक्स-१ या स्पंदकाचे दृश्यरूप असलेला एचझेड हर्क्युलिस हा रूपविकारी (तेज बदलणारा) तारा क्ष-किरण खगोलशास्त्राच्या आधीपासून नोंदलेला होता. मग १९७२ साली त्याचा ‘शोध लागला’ म्हणावे काय? मला ‘ओळख पटली’ हेच योग्य वाटते. सहचराची स्पंदकाकडची बाजू क्ष-किरणांनी तापून उजळते आणि १.७ दिवसांत फिरून आपल्यासमोर येते, या खुणेवरूनच ती पटली.

खानापूर : आभारी आहे. वाक्य असे बदलले : ‘सेंटॉरस एक्स-३ च्या दृश्यरूपाची ओळख पटली, आणि ते त्याच्या सहचराचेच निघाले.’