मदत हवी आहे: जोनाथन टेव्ज खालच्या फळीत सेंटर म्हणून चालेल का?

आइस हॉकी बारकाईने पाहणाऱ्यांचं मत हवंय. (फळी म्हणजे तीन आक्रमकांचा गट: मधला सेंटर आणि दोन बाजूंचे विंगर.) शिकागो ब्लॅकहॉक्स संघाचा कर्णधार म्हणून 2010, 2013 आणि 2015 चा स्टॅनली कप (एनएचएल लीगचं विजेतेपद) जिंकलेला टेव्ज प्रकृतीमुळे दोन हंगाम बाहेर राहिला आणि 2025 मध्ये आपल्या गावच्या विनिपेग जेट्स संघाकडे आला. फेसऑफला (खेळ सुरू करताना दोघांत चकतीसाठी होणारी झटापट) अजूनही पक्का, पण पाय मंदावलेत. आणि पक (खेळातली चकती) गमावला की सेंटरला थेट आपल्या गोलपर्यंत मागे यावं लागतं, विंगरपेक्षा कितीतरी जास्त धाव.

मला वाटतं, चौथ्या फळीत दोन चपळ विंगर सोबत देऊन बचावाच्या टोकाचे, म्हणजे आपल्या गोलकडचे फेसऑफ त्याच्याकडे सोपवावेत. पण समोरच्यांनी झटकन उलटा हल्ला केला तर? की त्याने फक्त फेसऑफ घ्यावा आणि लगेच विंगवर सरकावं? हे सामन्यात खरंच निभतं का? फार जीव आहे या खेळाडूवर, जाणकारांनी जरूर सांगा.