कर्ब म्हणजे बंद करणं की आवर घालणं?

संत्रावाला: पोरीनं इंग्रजीच्या परीक्षेत 'कर्ब' (curb) या शब्दाचा अर्थ 'बंद करणे' लिहिला अन् मॅडमनं मार्क कापला, म्हणे 'आळा घालणे' पाहिजे होतं. आता मले सांगा बाप्पा, 2021 मध्ये 15 ते 21 मार्च नागपुरात लॉकडाऊन होता तेव्हा इंग्रजी पेपरवाले 'कर्ब्ज'च लिहीत होते ना, अन् इकडे सीताबर्डीवर सगळे शटर खाली. मग बंदच झालं की!

पोळ्याचा बैल: मॅडम बरोबर आहे भाऊ. दूध, भाजी, किराणा चालू होता की नाही? कर्ब ही मूळची घोड्याची चीज. लगामाले एक साखळी असते, घोड्याच्या हनुवटीखालून जाते, लगाम ओढला की ती जबड्याले दाबते अन् घोडा आवरते. थांबवायचाच असता तर खुंट्याले बांधला नसता काय? आपली वेसण तशीच, वेसण घातलेला बैलच तर डवरा ओढते.

बारदाना: कांद्याचं घ्या. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं, माल जात होता पण महाग पडत होता, हा कर्ब. डिसेंबरात निर्यातच बंद केली, ती बंदी. ज्याचा कांदा घरात पडून राहिला त्याले विचारा दोन्हीत फरक काय ते.

संत्रावाला: अहो पण पेपरवाले दोन्हीले वापरतात ना! वापरात जो अर्थ तोच खरा, हेडलाइनमध्ये जागा नसते, चार अक्षरांचा शब्द भेटला की चिकटवून मोकळे.

बारदाना: 'बॅन' तर इंग्रजीत तीनच अक्षरांचा आहे 😄

साइटवरचा माणूस: तुम्ही काहून भांडून राहिले? आमच्यात कर्ब म्हणजे रस्त्याच्या कडेचा काळा-पिवळा दगड. इंग्लंडात तो 'के'नं लिहितात, अमेरिकेत 'सी'नं.

पोळ्याचा बैल: घ्या! तो दगड तरी गाडी बंद करते काय? फक्त फुटपाथवर चढू देत नाही. रस्ता चालूच.

संत्रावाला: बरं मानलं. पण मग मॅडमनं अर्धाच मार्क कापायचा होता ना, पोरगी थोडी तरी जवळ होती. हा तर पूर्ण बॅनच केला.