छायाचित्राच्या क्रमांकातच सारी माहिती कोंबायची का?

दप्तरदार
पेठकर यांनी गेल्या आठवड्यात ग्रंथालयांतील जुन्या छायाचित्रांसाठी एक पद्धत सुचवली. गाव, साल, विषय आणि अनुक्रम मिळून ‘पुणे-१८९७-प्लेग-०१४’ असा क्रमांक करावा आणि तो छापलेले लेबल छायाचित्राच्या पाठीवर चिकटवावे, असे त्यांचे म्हणणे आहे. अनेकांनी ते उचलून धरले, म्हणून सविस्तर विरोध नोंदवणे भाग आहे.

क्रमांक ही वस्तूची ओळख असते. त्यात माहिती भरली की माहिती चुकीची ठरताच ओळखही मोडते. पाठीवर शाईने ‘शके १८१८, प्लेगची छावणी’ एवढेच लिहिलेले छायाचित्र हाती आले, तर कोणते साल घालणार? शके १८१८ हे १८९६च्या गुढीपाडव्याला सुरू झाले आणि १८९७च्या पाडव्याच्या आदल्या दिवशी संपले. मुंबईत साथ १८९६च्या सप्टेंबरात उघड झाली, पुण्यात तिने जोर धरला तो १८९७च्या आरंभी. आणि नुसत्या छावणीवरून शहर ठरत नाही. सूचीकार अंदाज बांधतो, अंदाज क्रमांकात जातो, क्रमांक लेखांत उद्धृत होतो आणि मग तो बदलायला कोणी धजत नाही. क्रमांक साधा असावा, १, २, ३ असा. साल, गाव, विषय हे सारे नोंदवहीत, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी, कशावरून केली हेही लिहिलेले असावे.

पेठकर
आपला युक्तिवाद संगणक, वीज आणि पगारी ग्रंथपाल असलेल्या संस्थांसाठी ठीक आहे. मी ज्या तालुक्याच्या वाचनालयात काम केले तेथे जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर नुसते आकडे होते आणि नोंदवही वाळवीने खाल्लेली होती. सत्कार, पूर, पालखी, कोणाची तरी मुंज असे गठ्ठेच्या गठ्ठे मुके झाले. त्या जागी ‘पूर-१९६१’ एवढे जरी लिहिलेले असते तरी पानशेतचा पूर ओळखू आला असता. छायाचित्र नोंदवहीपासून दुरावते हा आमचा रोजचा अनुभव आहे, आणि दुरावलेल्या छायाचित्राने स्वतःबद्दल काहीतरी सांगितले पाहिजे.

काचपट्टी
दोघांच्या वादात चिकटवण्याचा प्रश्न कोणी घेतलाच नाही. बाजारू लेबलाचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागदातून पुढच्या बाजूला झिरपतो. बॉलपेनने पाठीवर जोर देऊन लिहिले की त्याचे वळ चेहऱ्यावर उमटतात. तिरप्या उजेडात धरून पाहा, कोणाच्याही गालावर आकडा वाचता येईल. मऊ शिसपेन्सिलीने, मागच्या कडेला, हलक्या हाताने लिहावे. काचेच्या निगेटिव्हवर काहीच लिहू नये, तिच्या कागदी पाकिटावर लिहावे, आणि तेही काच आत घालण्यापूर्वी. ही माहिती कोणालाही सहज मिळते, तरी दरवर्षी नवी संस्था नवी चिकटपट्टी घेऊन बसते, याचा मला मनस्वी संताप आहे.

सह्यवासी
आपण सर्व जण ‘विषय’ या रकान्यावरून सहज पुढे गेलात. विषय ठरवणार कोण? ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ब्रिटिश सरकारच्या छायाचित्रग्रंथाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. त्यांत माणसांना नावे क्वचितच आहेत, जातीजमातींचे शिक्के मात्र आहेत. १८७१च्या कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि तो कायदा १९५२पर्यंत चालला. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवण्याच्या सरकारी वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड वाढले. तेथील एक छायाचित्र एका संस्थेच्या संग्रहात मी पाहिले. शीर्षक होते ‘गुन्हेगार जमातीतील मुले’. पेठकरांच्या पद्धतीत त्या मुलांच्या क्रमांकातच ‘गुन्हेगार’ येईल. असे मथळे काढून टाकले पाहिजेत.

पेठकर
आपले दुःख मी नाकारत नाही, परंतु मथळा खोडणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. सरकारने त्या मुलांना काय म्हटले होते, हे उद्याच्या अभ्यासकाला कोठून कळेल? आज आपण एक ओळ खोडाल, उद्या दुसरा कोणी त्याला न रुचणारी ओळ खोडेल.

सह्यवासी
पुरावा जपण्याचा उपदेश आम्हाला करू नये. तो पुरावा आमच्या घरात तीन पिढ्या जपला गेला आहे.

काचपट्टी
मथळा म्हणजे पुरावा, हेही तपासून म्हणावे. छायाचित्रकार विल्यम जॉन्सनने १८६०च्या दशकात मुंबईतील जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यांतील माणसांची छायाचित्रे वेगळी घेतलेली आहेत आणि मागची दृश्ये वेगळी. दोन्ही जोडून एक चित्र केले आहे. तेथे ‘स्थळ’ म्हणून काय लिहाल? मथळ्यातून लिहिणाऱ्याची नजर कळते, समोरचा माणूस कळेलच असे नाही.

दप्तरदार
म्हणूनच मूळ मथळा शब्दशः, अवतरणचिन्हांत, स्वतंत्र रकान्यात ठेवावा आणि तो कोणाचा हे लिहावे. सूचीकाराने दिलेले शीर्षक चौकोनी कंसात असावे. खोडायचे काही नाही.

सह्यवासी
पाचव्या रकान्यातले अवतरण कोण वाचतो? संकेतस्थळावर छोट्या चित्राखाली एकच ओळ दिसते आणि तीच समाजमाध्यमांवर फिरते. ती ओळ कोणती असेल, एवढेच मला सांगा.

दप्तरदार
‘[सोलापूर सेटलमेंटमधील मुले]’. सरकारी मथळा नोंद उघडल्यावरच दिसेल. आपला आक्षेप रास्त आहे. रकाने आखताना पडद्यावर आधी काय दिसेल, हा विचार मी केला नव्हता.

पेठकर
साध्या क्रमांकाला मी नाइलाजाने संमती देतो, कारण शके १८१८चे उत्तर माझ्याकडे नाही. मात्र नोंदवहीच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत राहतील आणि पाठीवर क्रमांकाशेजारी संस्थेचे व गावाचे नाव पेन्सिलीने लिहिले जाईल, या दोन अटींवरून मी हटणार नाही. गाव म्हणजे संग्रहाचे गाव, चित्रातले नव्हे. तेवढे तरी निश्चित ठाऊक असते.

काचपट्टी
मऊ पेन्सिल असेल तर माझी हरकत नाही.

सह्यवासी
मथळे खोडण्याचा आग्रह मी सोडते, पण मनापासून नव्हे. आणि रकान्यांत एक रकाना व्यक्तींच्या नावांचाही हवा. त्या मुलांपैकी काही जण आज म्हातारे असतील, इतरांना ओळखणारे नातलगही आमच्या वस्तीत आहेत. छायाचित्रांच्या प्रती घेऊन तेथे या, नावे विचारा, आणि नाव सांगणाऱ्याचे नावही त्यापुढे लिहा.