आपली हरणारी टीम: अनुभव लिहा

हिरवं_पान

काल नवऱ्याने गाडी पुसायला जुन्या कपड्यांतून एक टी-शर्ट उचलला आणि मी किचनमधून ओरडले, "अरे तो नको!" हिरवा, छातीवर इंग्रजीत चारच अक्षरं: सेल. म्हणजे मालकाला सांगायचं, टीम विकून टाक. १३ जून २०२३ ला कॅलिफोर्नियात ओकलंडच्या कोलिसियम या बेसबॉल स्टेडियमबाहेर फॅन मंडळींनी छापून फुकट वाटलेला. तोवर बाहीला ऑइल लागलंच होतं. रात्री डाग घासत बसले आणि सगळं वर आलं, म्हणून हा धागा.

२००४ मध्ये लग्न होऊन फ्रीमाँटला आले. एच-४ (नवऱ्याच्या नोकरीवर मिळणारा बायकोचा व्हिसा), काम करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही. बार्ट (इथली लोकल) पकडायची, कोलिसियम स्टेशनला उतरायचं, पुलावरून चालत थेट स्टेडियममध्ये. बुधवारी दुपारी तिकीट अगदी स्वस्त असायचं. शेजारी एक आजी बसायच्या, त्यांनी मला स्कोअरकार्ड भरायला शिकवलं. या देशात माझ्याशी आपणहून बोललेलं पहिलं माणूस म्हणजे त्या. ए'ज (म्हणजे ओकलंड ॲथलेटिक्स, आमची टीम) हरले की म्हणायच्या, उद्या परत मॅच आहे. आणि खरंच असायची, १६२ असतात वर्षाला.

२०२३ ला ५० जिंकलो, ११२ हरलो. त्याचं मला काही नाही. पण ऑल्सन, चॅपमन सारखे चांगले खेळाडू आधीच देऊन टाकले, तिकिटं महाग केली, मैदान पडीक ठेवलं, आणि वर मालक म्हणणार लोकच येत नाहीत, आम्ही लास व्हेगासला जातो. म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी ठरवून जायचं होतं. २७,७५९ लोक आले. पाचव्या इनिंगचा (बेसबॉलमध्ये नऊ असतात) पहिला बॅटर खेळत असताना अख्खं मैदान गप्प. उजवीकडचे ढोलवालेसुद्धा. पिचरचा (बॉल टाकणाऱ्याचा) बॉल कॅचरच्या (आपल्या विकेटकीपरसारखा) ग्लव्हमध्ये पडल्याचा आवाज वरच्या मजल्यावर ऐकला मी. तो बॅटर संपला आणि मग जी आरोळी उठली! घसा दोन दिवस बसला होता.

तेव्हाच्या सगळ्यात तगड्या टीमला, टँपाला, २-१ ने हरवलं. सलग सातवी जीत. आणि त्याच दिवशी तिकडे नेवाडाच्या (लास व्हेगासच्या राज्याच्या) सिनेटने नव्या स्टेडियमला ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा द्यायचं बिल पास केलं.

तुमची टीम हरत होती, किंवा मैदानाबाहेरच भलतं काही चाललं होतं, तेव्हा तुम्ही काय केलंत? लिहा.

वारं_सुटलंय

शिकागो. व्हाइट सॉक्स. २०२४. ४१-१२१. अजून काय लिहू

पोह्यातलं_लिंबू

ताई ऑइलच्या डागाला भांड्यांचं लिक्विड लावून अर्धा तास ठेवा, मग गरम पाणी. ड्रायरमध्ये अजिबात टाकू नका डाग पक्का होतो. बेसबॉलमधलं काही कळत नाही पण वाचतेय

वारं_सुटलंय

बरं आता पोरं झोपली, नीट लिहिते. त्या उन्हाळ्यात सासरे सोलापूरहून सहा महिने आले होते. बँकेत कॅशियर होते, आकड्यांचा माणूस. घरात बसून कंटाळले म्हणून मैदानात नेलं. पाच मॅचेस पाहिल्या त्यांनी, पाचही हरलो. पण त्यांना स्कोअरकार्डाचं वेड लागलं! पेन्सिलीला टोक काढून, पट्टी घेऊन बसायचे. बॅटर बॅट फिरवून आउट झाला तर सरळ 'के', नुसता बघत राहून आउट झाला तर उलटा 'के'. हा उलटा 'के' त्यांना इतका आवडला की घरी कोणी दार उघडं ठेवून नुसतं उभं राहिलं तरी म्हणायचे, "उलटा के!"

जुलैपासून सलग २१ हरलो. बाबा रोज सकाळी चहाबरोबर विचारायचे, "काल?" मी मान हलवायची. ६ ऑगस्टला जिंकलो एकदाचे ५-१, आणि कुठे? हिरवं_पान, तुमच्याच कोलिसियममध्ये! दोन दिवसांनी मॅनेजरला (म्हणजे टीमच्या मुख्य कोचला) काढलं. बाबांना ते पटलं नाही. म्हणाले, कॅश कमी भरली तर आधी शाखेला पैसा किती पाठवला होता ते बघतात.

हिरवं_पान

@वारं_सुटलंय, त्या मॅचला होते मी! आम्ही हरलो पण तुमच्या खेळाडूंचे चेहरे बघून वाईट नाही वाटलं. २१ नंतरची जीत होती. सासऱ्यांना नमस्कार सांगा. मला तर ते आमच्या आजींचे भाऊच वाटतात.

ह्यूस्टनचा_पाऊस

माझा अनुभव उलटा आहे. माझी टीम जिंकत होती. २०१७ ला आमचे ॲस्ट्रोज वर्ल्ड सिरीज (सीझनची फायनल, जास्तीत जास्त सात मॅचेस) जिंकले तेव्हा हार्वी वादळ येऊन दोन महिने झाले होते. आमच्या खालच्या मजल्यावर गुडघाभर पाणी येऊन गेलं होतं, भिंतींचे तक्ते अर्धे कापलेले. त्यात उभे राहून आम्ही सातवी मॅच पाहिली. मुलगा ८ वर्षांचा. शहराला काहीतरी परत मिळालं असं वाटलं.

मग नोव्हेंबर २०१९ ला कळलं, २०१७ ला आमच्या टीमने काय केलं होतं. सेंटर फील्डच्या कॅमेऱ्यावरून समोरच्या कॅचरच्या खुणा (कुठला बॉल टाक हे तो पिचरला सांगतो) चोरायच्या आणि डगआउटमागे कचऱ्याच्या डब्यावर दणका घालून बॅटरला सांगायचं की वळणारा बॉल येतोय. दणका नाही म्हणजे फास्टबॉल. हे ज्याने उघड केलं तो पिचर माइक फायर्स, आधी आमचाच, तेव्हा ए'जकडे होता. जानेवारी २०२० ला निकाल: ५० लाख डॉलर दंड, जनरल मॅनेजर आणि मॅनेजर वर्षभर निलंबित, दोघांचीही नोकरी गेली. खेळाडूंना काही नाही. कप तसाच.

मुलाने दोनच गोष्टी विचारल्या. कप परत देणार का? आणि आपण टाळ्या वाजवल्या त्याचं काय? पहिल्याचं उत्तर होतं माझ्याकडे. त्याने जर्सी घडी करून खालच्या कप्प्यात ठेवली. २०२२ ला पुन्हा जिंकले तेव्हा मी म्हटलं बघ, या वेळी तरी. तो म्हणाला, "बाबा तुम्ही बघा, मला उद्या टेस्ट आहे."

डॉजर_निळा

पण त्या फायनलला समोर आम्ही होतो, लॉस एंजेलिसचे डॉजर्स. २०१७ आमचं गेलं ते गेलंच ना. सात मॅचेस, दादा. मी आजही ती सिरीज बघू शकत नाही.

ह्यूस्टनचा_पाऊस

@डॉजर_निळा तुमच्याशी वाद नाही. सॉरी. हे सॉरी मी खूप वर्षं कोणाला तरी म्हणायचं होतं.

डॉजर_निळा

अहो तुम्ही कशाला सॉरी म्हणताय!! मी आपलं मोकळा झालो. आमच्याकडेही सगळं आलबेल कुठे होतं. मार्च २०२४, सोलमध्ये सीझनची सुरुवात, आणि आमचा जपानी स्टार ओहतानीच्या दुभाष्याची बातमी. जवळजवळ १ कोटी ७० लाख डॉलर त्याच्या खात्यातून जुगाराच्या देण्यापोटी वळवले. मला पैशांपेक्षा ते नातं लागलं. परक्या देशात ज्याच्या तोंडून तुम्ही बोलता तोच माणूस. मी इथे आलो तेव्हा माझा रूममेट बँकेत माझ्या वतीने बोलायचा, मला अमेरिकन उच्चारच कळायचे नाहीत. डोळे झाकून विश्वास होता. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या दुभाष्याला ५७ महिने तुरुंग झाला.

अमरावतीची_शॉर्टस्टॉप

अमेरिका नाही पाहिली, पण शाळेत सॉफ्टबॉल खेळलेय, म्हणून लिहिते. आमच्याकडे नऊ जणींत सहा ग्लव्ह. बॅटिंगची पाळी आली की ग्लव्ह जमिनीवर ठेवून यायचं, समोरच्या टीमची मुलगी तोच घालायची. आतून तिच्या हाताचा घाम लागायचा, अजून आठवतं. एका वर्षी जिल्ह्यात सगळ्या मॅच हरलो. पण खरं दुःख नंतर झालं. पुढच्या निवडीच्या यादीत दोन नावं अशी होती जी मैदानावर कधी दिसलीच नाहीत. खेळाच्या सर्टिफिकेटवर सरकारी नोकरीत ५ टक्के जागा असतात ना, त्यासाठी. आमची कॅचर, जिचं बोट वाकडं झालं खेळून, तिचं नाव नाही. ती आता मुलींना शिकवते. पहिल्या दिवशी सांगते म्हणे, यादी लागली की मला फोटो काढून पाठवा.

पोह्यातलं_लिंबू

वाचून गलबलले. तुमच्या मैत्रिणीला माझा सलाम सांगा

गहुंजे_रोड

टीम शहर सोडून जाते म्हणजे काय हे पुणेकरांना विचारा. दोनदा गेलीय आमची. पुणे वॉरियर्स २०११ ते १३, जवळजवळ तळालाच. मग चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षं बाद झाले म्हणून रायझिंग पुणे आली, आली तेव्हाच माहीत होतं की दोन वर्षांची पाहुणी आहे. २१ मे २०१७, हैदराबादला फायनल, मुंबई १२९, आपण १२८. एका रनने! बाबा टीव्ही बंद न करता तसेच गॅलरीत गेले. दुसऱ्या दिवशी टीमच नव्हती. पुढच्या वर्षी बघू म्हणायचीही सोय नाही. ओकलंडचं दुःख मला बेसबॉल न कळता कळलं.

शिवाजीपार्क_ते_सॅनहोजे

त्या १ रनवर मुंबईकर म्हणून मी काही बोलत नाही 😊

गहुंजे_रोड

बोलूच नका 😊

वॉर्म_स्प्रिंग्ज

मला एक कबूल करायचंय. २००६ मध्ये ए'ज फ्रीमाँटला येणार असं जाहीर झालं होतं. नंतर जागा आमच्या घराजवळ सुचवली. ट्रॅफिक होईल, शाळेच्या वेळेला रस्ता अडेल म्हणून आम्ही सगळे विरोधात. मीसुद्धा मीटिंगला जाऊन हात वर केला. फेब्रुवारी २००९ ला बेत रद्द झाला. मग सॅन होजे, तिथे सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स टीमने आपला हक्क सांगितला, प्रकरण कोर्टात, २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ऐकायलाच नकार दिला. मग ओकलंडच्या बंदरावरची जागा, तीही नाही. आज त्या रस्त्याला ट्रॅफिक आहेच, टीम नाही. मुलगा कोलिसियमच्या शेवटच्या मॅचहून आला तेव्हा त्याला मी हे सांगितलं. तो काही बोलला नाही. बाटलीत मैदानातली माती आणली होती, ती टीव्हीखाली ठेवलीय.

हिरवं_पान

@वॉर्म_स्प्रिंग्ज, तुम्ही एकटे नव्हता हो. आणि एका मीटिंगने टीम जात नाही, मालकाला ठेवायची असती तर वीस वाटा होत्या.

शेवटच्या मॅचला मीही होते. २६ सप्टेंबर २०२४, टेक्ससला ३-२ ने हरवलं. ४६,८८९ लोक. मानाचा पहिला बॉल टाकायला ए'जचे जुने खेळाडू रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट. ओकलंडमध्ये वाढलेली दोन माणसं. रिकीने १४०६ बेस चोरले आयुष्यात (म्हणजे बॅटरने बॉल मारायची वाट न बघता पळून पुढचा टप्पा गाठायचा, हे नियमातच बसतं), १९८२ ला एका सीझनमध्ये १३०, मैदानाला त्याचंच नाव. तीन महिन्यांनी, डिसेंबरमध्ये तो गेला. मॅच संपल्यावर मॅनेजर कॉट्से माइक घेऊन आभार मानायला आला आणि शेवटी सगळ्यांकडून ओकलंडचा गजर करून घेतला. कोणी उठेना. झाडूवाले थांबले होते, तेही बसले. आमच्या रांगेखाली शेंगांच्या फोलपटांचा घोट्यापर्यंत थर होता.

पोह्यातलं_लिंबू

शेंगा?? म्हणजे आपल्या भुईमुगाच्या?

हिरवं_पान

हो हो, खारवून भाजलेल्या, सालासकट! पिशवी घ्यायची, फोडायच्या, फोलपटं खाली. बाहेरचं खाणंही न्यायला द्यायचे. मी तिखटमिठाच्या पुऱ्या न्यायचे, आजींना फार आवडायच्या.

टॉवर_ब्रिज

लिहू की नको असा विचार करत होतो. मी सॅक्रामेंटोत राहतो. टीम २०२५ पासून आमच्याकडे आहे, व्हेगासचं मैदान होईपर्यंत. मी जातो. मुलगी ९ वर्षांची, तिने आधी बेसबॉल पाहिलंच नव्हतं. पहिल्याच मॅचला शिकागोच्या कब्स टीमकडून १८-३ असा मार खाल्ला, तरी तिला परत जायचं होतं. जर्सीच्या एका बाहीवर आमचा पूल, दुसरीवर लास व्हेगास. टीमच्या नावात शहरच नाही, नुसतं ॲथलेटिक्स. मुलीने विचारलं, बाबा हे कुठले? मी सांगितलं, ओकलंडचे. २५ जुलै २०२५ ला आमच्या कर्ट्झने ह्यूस्टनमध्ये एका मॅचमध्ये चार होमरन (क्रिकेटमधल्या सिक्सरसारखे) मारले तेव्हा ती सोफ्यावर नाचत होती. तुमची माफी मागावी असं वाटतं, पण तिला नको कसं म्हणू?

ह्यूस्टनचा_पाऊस

चारही आमच्याविरुद्ध 🙏 पोरगं खेळलंच तसं. तिसऱ्यानंतर आमचे लोक पण उभे राहिले

हिरवं_पान

@टॉवर_ब्रिज, हे दोनदा लिहून खोडलं. मी सॅक्रामेंटोला येणार नाही. मला जमणार नाही. मालकाच्या खिशात माझा एक डॉलर जाऊ द्यायचा नाही असं मी त्या पुलावर ठरवलंय. पण मुलीला नका थांबवू. "ओकलंडचे" असं सांगितलंत ना तिला, ते वाचून डोळ्यांत पाणी आलं.

टॉवर_ब्रिज

मान्य. मग तुमच्याकडे येतो आम्ही. तिकडे काय आहे आता?

हिरवं_पान

बॉलर्स नावाची नवी बेसबॉल टीम! रायमंडी पार्क, वेस्ट ओकलंड. छोटी लीग, पण टीममध्ये फॅन लोकांची मालकी आहे थोडी थोडी. २०२४ ला सुरू झाली आणि २०२५ ला लीग जिंकलीसुद्धा. खेळाडू हाताच्या अंतरावर, मुलीला मजा येईल. सीझन सुरू झाला की या. पुऱ्या माझ्याकडे.

वॉर्म_स्प्रिंग्ज

मीही येतो. शेंगा मी आणतो.

वारं_सुटलंय

बाबांना फोन लावला आत्ता, धागा वाचून दाखवला. विचारतायत बॉलर्सचं स्कोअरकार्ड छापील मिळतं का, नसेल तर वहीवर आखून पाठवतो

पोह्यातलं_लिंबू

डाग गेला का ते सांगा आधी

हिरवं_पान

बराचसा गेला. उन्हात वाळत घातलाय. फडक्यांच्या ढिगावर आता चिठ्ठी लावलीय: हिरव्याला हात लावू नये.