भुताच्या गेमच्या कव्हरवर भूत हवं की नको?

रातकिडा (धागाकर्ता)
मंडळी, दोन वर्षं रात्री जागून एकट्याने एक गेम करतोय. कोकणातलं बंद घर, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि विहिरीवरचा रहाट, जो बैल जुंपलेला नसताना रात्री फिरतो. नावही 'रहाट'च. स्टीम, म्हणजे गेम विकायचं ऑनलाइन दुकान, त्याचे शंभर डॉलर भरून झाले. गाडी अडलीय कव्हरपाशी, म्हणजे स्टीमवाले ज्याला कॅप्सूल म्हणतात तिथे.

मी केलेलं चित्र असं: काळोख, विहिरीचा काठ, काठावर विझत आलेला कंदील, मागे अंधारात अर्धा रहाट. भूत नाही. आवाजाचं काम करणारा माझा मित्र म्हणतो, "पांढऱ्या डोळ्यांची बाई टाक, नाहीतर कुणी ढुंकून बघणार नाही." अख्ख्या गेममध्ये ती बाई दोनदा दिसते, तीही पाठमोरी. तिला दुकानाच्या दारातच उभं केलं तर आत उरलं काय?

पोस्टरवाला
मित्राचं ऐका. तुम्ही हे चित्र आख्ख्या स्क्रीनवर बघताय, गिऱ्हाईक तसं बघत नाही. छोटं कॅप्सूल ४६२ बाय १७४ पिक्सेलचं चढवायचं असतं, आणि स्टीम त्यातूनच १२० बाय ४५ ची चिंधी काढून याद्यांमध्ये लावतं. तेवढ्यात तुमचा कंदील म्हणजे मुगाचा दाणा. त्यात स्टीमचं पान स्वतःच गडद निळसर. काळं चित्र त्यावर ठेवलं की कडाच दिसत नाहीत, जागा रिकामी सोडल्यासारखी वाटते.

चेहरा मात्र त्या चिंधीतही ओळखू येतो. 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' घ्या, २०१४ चा, जवळपास एकट्या माणसाने केलेला. कव्हरवर अंधारातून बघणारं अस्वलाचं थोबाड. ते सगळ्यांनी आधी पाहिलेलं होतं, तरी ते समोर आलं की लोक किंचाळलेच. थोबाड कसं आहे याची भीती नसते हो, ते कधी येणार याची असते.

सांजवात
साफ असहमत. भयगेमची यादी उघडून बघा एकदा. डोळे, दात, उघडा जबडा, पुन्हा डोळे. त्या गर्दीत एकोणिसावी पांढऱ्या डोळ्यांची बाई कुणाला दिसणार?

'लिंबो' २०१० चा. करड्या धुक्यात काळी सावली आणि तिला दोन पांढरे ठिपके, बास. 'लिटल नाइटमेअर्स' २०१७ चा, पिवळ्या रेनकोटातलं एवढंसं पोर. दोन्हीकडे समोर आहे तो घाबरणारा, घाबरवणारा नाही. पिवळा ठिपका तर कितीही लहान केला तरी हरवत नाही. रातकिडा, तुमच्या गेममध्ये खेळणारा कोण आहे? तो कुठेच दिसत नाही चित्रात.

पोस्टरवाला
'लिटल नाइटमेअर्स'च्या पाठीशी बांदाई नामकोसारखी बडी कंपनी होती. पोस्टर सगळीकडे लागली म्हणून रेनकोट ओळखीचा झाला. आपल्या धागाकर्त्याचा रेनकोट कोण ओळखणार?

सांजवात
ओळखायचा नाहीये, दिसायचा आहे. तुम्हीच तर १२० बाय ४५ म्हणालात.

बिनपगारी टेस्टर
मी म्हणतो चित्राचं राहू दे, वर ठसठशीत लिहा: 'सत्य घटनेवर आधारित'. आपल्याकडे याहून जास्त काही खपत नाही.

आडवाटेचा
ते करू नका. १ सप्टेंबर २०२२ पासून वाल्वचा, म्हणजे स्टीम चालवणाऱ्या कंपनीचा, नियम आहे. कॅप्सूलवर गेमचं चित्र, गेमचं नाव आणि असलंच तर अधिकृत उपनाव, एवढंच चालतं. परीक्षणातली वाक्यं, तारे, पुरस्काराच्या पानांच्या कमानी, 'आता सवलतीत', सगळं बंद. नियम मोडला तर दुकानात कमी दिसाल आणि सेलमधल्या खास जागाही हातच्या जातील. मोठा अपडेट आला की त्याची जाहिरात लिहिता येते, पण ती तात्पुरती, महिनाभर फार तर.

इच डॉट आयओ या छोट्या गेमवाल्यांच्या दुकानावर अशी कटकट नाही. तिथे ६३० बाय ५०० चं कव्हर सुचवतात आणि हलतं जिफही चालतं. रहाट खरंच फिरताना दाखवा की. स्टीमआधी तिथे डेमो टाकून बघा, फुकटात अंदाज येईल.

रातकिडा
जिफचं डोक्यातच आलं नव्हतं, आजच करून बघतो. खेळणारा म्हणजे मुंबईहून घर विकायला आलेला नातू. हातात मोबाइलचा टॉर्च. पिवळं काही नाही त्याच्याकडे :)
अजून एक. नाव देवनागरीत ठेवावं का?

पोस्टरवाला
इथे मी तुमच्या बाजूने. पोटापाण्यासाठी अक्षरं काढतो म्हणून सांगतो, देवनागरी लहान आकारात मार खाते ती वरच्या-खालच्या मात्रांमुळे. वेलांटी आणि रफार शिरोरेखेच्या वर, उकार खाली. मग मधलं अक्षर तिसऱ्या हिश्श्यात आवळावं लागतं. 'विहीर' नाव असतं तर दोन वेलांट्यांनीच जागा खाल्ली असती. 'रहाट'ला वर काही नाही, खाली काही नाही. पूर्ण उंची अक्षराला मिळते. नशीबवान आहात. फक्त शिरोरेखा जाड करू नका, लहान झाल्यावर अक्षरं तिला चिकटून वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात.

आडवाटेचा
पण गिऱ्हाईक ब्राझील-पोलंडचं असेल तर? त्याला ही नक्षी वाटणार. कॅप्सूलवरचं नाव वाचता येणं ही पहिली अट आहे.

सांजवात
आणि रोमनमध्ये लिहिलंत तर अर्धा उत्तर भारत हिंदीतलं 'राहत', म्हणजे दिलासा, असं वाचेल. भुताच्या गेमला राहत!

आडवाटेचा
हाहा, हे खरं. तरी दोन्ही आवृत्त्या करा. स्टीमवर भाषेनुसार वेगळी कॅप्सूल लावता येतात.

आता चित्राबद्दल माझं मत. हेडर, म्हणजे गेमच्या पानावर वर लागणारं कॅप्सूल, रुंदीला उंचीच्या दुपटीहून जास्त, आणि विहीर उभी गोष्ट. काठावरून दाखवलीत तर ती नुसता कठडा होते. उलटं करा. विहिरीच्या तळातून वर बघा. भोवती काळोख, मध्ये आभाळाचा उजळ गोल, आणि काठावरून वाकून बघणारं एक डोकं. नुसती सावली. नाक-डोळे काही नाही. पोस्टरवाल्यांना चेहऱ्याचा आकार मिळाला, सांजवात यांना भूत न दाखवल्याचं समाधान, आणि उजळ गोल गडद पानावर उठून दिसेल.

सांजवात
मला समाधान वगैरे नाही. विहिरीतून वर बघणं म्हटलं की लोकांना जपानी सिनेमातली केसाळ बाईच आठवते. कोकण कुठे गेलं त्यात?

रातकिडा
माझी अडचण वेगळी आहे. खेळणारा विहिरीत उतरतच नाही. जे गेममध्ये नाही ते कव्हरवर दाखवणं म्हणजे फसवणूक नाही का?

पोस्टरवाला
'डोकी डोकी लिटरेचर क्लब' विसरलात? २०१७. कव्हरवर गुलाबी रंग आणि हसऱ्या शाळकरी मुली. आत काय आहे ते खेळलेल्यांना विचारा.

सांजवात
त्या पानावर सरळ लिहिलेलं होतं की हा गेम लहान मुलांसाठी नाही आणि चटकन अस्वस्थ होणाऱ्यांसाठीही नाही. शिवाय तो फुकट होता. पैसे घेऊन तसं कराल तर पहिल्या दिवशी परताव्याच्या रांगा लागतील.

माझा पर्याय ऐका. विहीर सोडा, रहाट घ्या. गाडग्यांची माळ वर येतेय, प्रत्येकात पाणी. एकातून बोटं बाहेर आलीत. फ्रेमभर तीनच गाडगी, मधल्यावर टॉर्चचा झोत. हे दुसऱ्या कुणाच्या कव्हरवर सापडणार नाही.

पोस्टरवाला
बोटं १२० बाय ४५ मध्ये? गाडग्याला तडा गेलाय असं वाटेल.

रातकिडा (दोन दिवसांनी)
दोन्ही कच्ची करून काळी-पांढरी छापली, टपाल तिकिटाएवढी कापली आणि न सांगता फ्रिजवर चिकटवली. गाडग्यांचं बघून आई म्हणाली, "मडक्यांचं दुकान काढतोयस का?" विहिरीतलं बघून सात वर्षांचा भाचा म्हणाला, "मामा, कोण पडलं यात?"

पोस्टरवाला
भाच्याला पगारावर ठेवा. विषय संपला.

सांजवात
कसला संपला? त्याने 'वरून कोण बघतंय' असं विचारलंच नाही. म्हणजे तुमची ती डोक्याची सावली त्याला दिसलीच नाही, नुसता गोल दिसला. आणि धागाकर्त्यांच्या गेममध्ये कुणी पडलेलंच नाही.

रातकिडा
पडलंय. ते तिसऱ्या रात्री कळतं. च्यायला, इथेच फोडलं मी.