नाटकात धोत्र्याच्या नशेचा सीन आहे, कसा दाखवाचा?

धानवाला
राम राम मंडळी. आमच्या गावात मंडईले (दिवाळीनंतरची जत्रा) गावातल्याच पोरांचं नाटक असते, यंदा लिहाचं काम माह्यावर आलं. दुसऱ्या अंकात सावत्र भाऊ हिरोले दुधातून धोत्र्याचं बी पाजते (जमिनीची भानगड, झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दुसरं काय). आता डायरेक्टर म्हणते का लाल-हिरवे लाईट गरागरा फिरवू, गिटार वाजवू, हिरो हात पसरून नाचन. मले पटून नाही राहिलं. खरंच असं दिसते का हे पिक्चरवाल्यांनी आपल्या डोक्यात भरवलं? चिलीम आली का गिटार आलीच. अन दुसरं, ते इंग्रजी लेखक म्हणे असलं काही खाऊनच लिहत, ते कितपत खरं?

वाचनवेडा वर्धा
रंगांचं अगदीच खोटं नाही, पण ते एलएसडीचं, म्हणजे भास दाखवणाऱ्या एका रसायनाचं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या हॉफमन नावाच्या केमिस्टनं ते 1938 ला बनवलं, पाच वर्षं तसंच पडून होतं, मग 1943 च्या एप्रिलमध्ये त्यानं मुद्दाम पाव मिलिग्रॅम घेतलं आणि सायकलवर घरी निघाला. शेजारीण दूध घेऊन आली तर ती त्याला रंगीत मुखवट्यातली चेटकीण दिसली, तरी पठ्ठ्या दोन लिटरच्या वर दूध प्याला. आणि हे सगळं त्यानं नीट लिहून ठेवलं, माणूसच प्रयोगशाळेतला ना.

लेखकांचं म्हणशील तर अल्डस हक्सले या इंग्रज लेखकानं 1953 ला मेस्कलिन (निवडुंगातलं नशेचं द्रव्य) घेतलं आणि स्वतःच्या पॅन्टच्या चुण्या पाहत बसला (आपल्याकडचा असता तर धोतराच्या), पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक आलं. पण तेव्हा तो साठीला टेकलेला, आयुष्यभर लिहून हात बसलेला. अमेरिकन लेखक केन केसी पैसे घेऊन हॉस्पिटलात असल्या औषधांच्या चाचणीला बसायचा आणि तिथेच मनोरुग्णांच्या वॉर्डात रात्रपाळीही करायचा. 1962 ची त्याची गाजलेली कादंबरी तिथूनच निघाली. सुरुवातीची काही पानं पेयोट (तोच मेस्कलिनवाला निवडुंग) खाऊन लिहिली असं तो सांगायचा, पण मला विचाराल तर कादंबरी त्या रात्रपाळीची आहे.

मास्तरीण साकोली
अहो थांबा, धोत्रा आन एलएसडी एका पंगतीत नका बसवू. आमच्या शेजारच्या बाबाजीले एका महाशिवरात्रीले कोणीतरी भांगेत धोत्र्याचं बी टाकून देल्लं होतं, मी सोता पाह्यलं आहे. नाच नाही का गाणं नाही. खाटेवर बसून दोन बोटांत बिडी धरल्यासारखी धरून ओढून राहिले होते, बिडी नाहीच हातात, राख झटकत, मग बिडी पडली म्हणून खाटेखाली चाचपडत. दोन वर्षांपूर्वी मेलेल्या बैलाले हाका मारल्या, गोधडीतून धागे उपसावे तसे बोटं चालूच. तोंड एवढं कोरडं का शब्द चिकटे, अंग तापलेलं, अन डोळ्याच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या का सगळा डोळा काळाच. डोळे तपासताना डॉक्टर थेंब टाकतात नं, त्यातल्या काहींत असते ते अॅट्रोपिन धोत्र्यातही असते. दवाखान्यात दोन दिवस ठेवलं, नंतर त्यायले काहीच आठवे नाही. एलएसडीवाल्याले बहुतेक वेळा कळते का हे आपल्या डोक्यातलं आहे, धोत्र्यात ते कळणंच जाते. आठवतच नाही तर लिहीन काय माणूस!

अन भाऊ, बिया किती टाकल्या ते संवादात नको लिहू. मंडईत समोर लहान पोरं बसली राहतात, अन याच्यानं जीव जाते.

पडद्यामागचा
लाईटचं मी सांगतो, हाच धंदा आहे आपला. '2001 अ स्पेस ओडिसी' पिक्चरच्या शेवटी रंगांचा बोगदा आहे, 1968 चा, लोकं नशा करून तो पाह्यले जात अन कंपनीनं मग जाहिरातही तशीच केली. पण बनवणाऱ्यानं तो मोजमाप करून बनवला, काळ्या पत्र्याला बारीक चीर, त्याच्यामागं सरकती चित्रं, कॅमेरा रुळावर पुढंमागं, एकेक फ्रेम. सॅन फ्रान्सिस्कोच्या गाण्याच्या कार्यक्रमात तर त्याहून सोपं होतं, काचेच्या बशीत रंगीत पाणी अन तेल, खालून ओव्हरहेड प्रोजेक्टर, वरून दुसरी बशी दाबाची. पडद्यावर रंग जिते असल्यासारखे हलतात. शाळेत जुना प्रोजेक्टर धूळ खात पडला असन तर फुकटात होते. डायरेक्टरले तेवढंच पाह्यजे असन तर पहिल्या अंकात स्वप्नाचं गाणं टाका अन तिथं करा. धोत्र्याच्या सीनले पांढरा लाईट, एकच. हलवाचा नाही.

धानवाला
मास्तरीण बाई, तुमची बिडी उचलली. काल तालमीत केलं. गिटार बंद, लाईट एकच, हिरोनं नसलेली बिडी तोंडात धरली अन खिसे चाचपाले लागला, आमचा ऑर्गनवाला विंगेतून माचिस देऊन राहिला त्याले. डायरेक्टर काही बोलला नाही, फक्त लाईटवाल्याले म्हणे तो लाल कागद काढ.