गोव्यात माणसं फार झाली, की गोवा म्हातारा झाला?

वाळपईचा मास्तर

२०११ च्या फेब्रुवारीत मी जनगणनेचा प्रगणक होतो. सत्तरी तालुक्यातले दोन वाडे, म्हणजे गावातल्या दोन वस्त्या, माझ्या वाट्याला आले होते. दारावर लिहिलेला घरक्रमांक बघायचा, सोप्यावर बसायचं, नको नको म्हणत गूळ-पाणी घ्यायचं आणि तक्ता भरायचा. एका घरी आजी एकट्याच होत्या. घरात माणसं किती, असं विचारल्यावर त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं : मी, दोन मुलगे, एक सून, दोन नातवंडं. थोरला कतारला, धाकटा बायकामुलांना घेऊन वास्कोत भाड्याच्या खोलीत. मी म्हटलं, आई, इथे राहतात तेवढीच लिहायची असतात. त्या म्हणाल्या, "बरय रे पुता, ते म्हजेच न्हय?" (लिही रे मुला, ती माझीच ना?) मी लिहिलं : एक. स्त्री. वय ७१. धाकट्याचं कुटुंब वास्कोच्या मुरगाव तालुक्यात मोजलं गेलं असेल. थोरला भारताच्या हिशेबातच आला नाही.

येत्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. त्यावरून बोलणं निघालं की जो तो म्हणतो, "गोव्यात माणसं फार झाली." मला हे अर्धंच खरं वाटतं, म्हणून विषय काढतोय.

मुक्तीच्या सुमाराला, १९६१ च्या आसपास, गोव्यात सहा लाखांहून थोडी कमी माणसं होती. २०११ ला ती १४.५८ लाख झाली. म्हणजे वाढ झालीच. पण कशी झाली ते बघा. पहिल्या दशकात जवळजवळ ३५ टक्के, मग २७, मग १६, मग १५ आणि २००१ ते २०११ मध्ये फक्त ८.२३. त्याच दहा वर्षांत देश १७.७ टक्क्यांनी वाढला, बिहार २५ टक्क्यांनी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातल्या बाईमागे सरासरी मुलं निघाली १.३. बिहारात ३.०, महाराष्ट्रात १.७. पिढीची जागा पिढीने भरायची तर २.१ लागतात. साठीच्या वरची माणसं २०११ लाच गोव्यात शंभरात ११ होती, बिहारात सातच्या थोडी वर. सहा वर्षांपर्यंतची मुलं आपल्याकडे शंभरात दहा, तिकडे अठरा.

एकाच देशात ही दोन वेगळ्या वयांची घरं आहेत. बिहारच्या घरात पाळणे जास्त, आपल्या घरात काठ्या जास्त. अशा वेळी "लोकसंख्या आवरा" हा एकच मंत्र काश्मीरपासून काणकोणापर्यंत म्हणण्यात काय अर्थ आहे?

माझ्या शाळेत यंदा पहिलीला चार मुलं आहेत. त्यातल्या तिघांचे आईबाप विजापूर-बेळगावकडून आलेले. ती मुलं माझ्याकडे मराठी शिकतात, दुपारच्या सुट्टीत कोकणी बोलतात. ती नसती तर वर्ग एका मुलाचा झाला असता, आणि अशा शाळेला पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. माझं म्हणणं सरळ आहे. गोव्याने माणसं येण्याची धास्ती घेण्यापेक्षा आपले वाडे म्हातारे होताहेत याची काळजी करावी, आणि जे येऊन राहिले त्यांना आपल्यात मोजावं.

बार्देशकार

मास्तर, तुमचा वाडा रिकामा होतोय म्हणून आमच्या बार्देशात गर्दी नाही असं होत नाही. गोव्याची घनता कागदावर ३९४, देशाच्या ३८२ च्या जवळ. दिसायला काहीच नाही. पण ३,७०२ चौरस किलोमीटरांपैकी तिसरा हिस्सा सरकारी जंगल आहे. तिथे कोण राहणार? खाजन जमिनी (भरतीच्या पाण्याला बांध घालून राखलेली सखल शेतं), नद्या, डोंगरउतार वगळा आणि मग भागाकार करा. तालुक्यांचं बघा : बार्देशात चौरस किलोमीटरला नऊशेच्या आसपास, मुरगावात चौदाशेच्या घरात, सांग्यात शंभराच्या आत. सरासरी ३९४ कुणाच्या दारात आहे सांगा.

त्यात पर्यटक मोजलेच नाहीत. सरकारच्याच आकड्यांत २०२४ साली ते कोटीच्या वर गेले. तेही पाणी वापरतात, कचरा टाकतात, रस्त्यावर गाडी लावतात. एप्रिल-मेमध्ये आमच्या घरी नळाला पाणी पहाटे येतं. आई साडेतीनला उठून बादल्या भरते, तिचं वय ६८. समोरच्या नव्या इमारतीत टँकर दिवसाला तीनदा येतो. तुम्ही म्हणता तसा गोवा म्हातारा झालाय, मान्य. पण या म्हाताऱ्या माणसांना पाण्यासाठी पहाटे उठावं लागतं ते गर्दीमुळेच. बाईमागे किती मुलं हा आकडा सांगून ही बादली भरत नाही.

सांगेकर

बार्देशकार, सांग्याचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. आमच्याकडे घनता कमी आहे ती एक तर अभयारण्यामुळे. नेत्रावळी १९९९ ला जाहीर झालं. आणि दुसरं म्हणजे साळावली धरणामुळे. धरणात कुर्डी गेलं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. लोकांना वाडें आणि वाळकिणी या गावांत वसवलं. आजही मे महिन्यात पाणी खाली गेलं की कुर्डीची माणसं सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. आणि ते पाणी कुठे जातं? सासष्टीला आणि मुरगावाला.

विरळ तालुक्याने आपलं गाव बुडवून दाट तालुक्याची तहान भागवली आहे. तेव्हा घनतेचं बोलताना आमच्याकडे जागा रिकामी पडली आहे असं कुणी समजू नये.

बांद्याची

मी सिंधुदुर्गातली, त्यामुळे शेजारचं सांगते. आमचा जिल्हा २००१ ला ८.६९ लाख होता, २०११ ला ८.५० लाख. रत्नागिरी १६.९७ लाखांवरून १६.१५ वर आली. त्याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. महाराष्ट्र एकूण १६ टक्के वाढला असं वाचून कोकणातल्या माणसाला काय समजणार? आमच्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०३६ बायका, कारण पुरुष मुंबईला नाहीतर तुमच्याकडे.

सकाळी साडेसातला बांद्याच्या नाक्यावर उभे राहा. दुचाकी आणि गाड्या भरभरून पोरं तुयेंच्या आणि करासवाड्याच्या कारखान्यांकडे निघालेली दिसतील. संध्याकाळी परत येतात. तुमच्या जनगणनेत ती नाहीत, तुमच्या रस्त्यांवर मात्र आहेत. बार्देशकार, या गर्दीत आम्हालाही धरता का? पत्रादेवीचा नाका ओलांडला की आमची भाषा बदलत नाही, सोयरीकही दोन्हीकडे आहे.

बार्देशकार

ताई, तुम्हाला परकं कोण म्हणेल? माझी मामी सावंतवाडीची. माझा राग रोज येऊन राबणाऱ्यावर नाहीच. जो पर्वरीत फ्लॅट घेतो, वर्षातून पंधरा दिवस येतो आणि अकरा महिने कुलूप लावून ठेवतो, त्याच्यामुळे इथल्या पोराला घर घेता येत नाही. २०११ च्या घरयादीत गोव्यातलं पाचातलं एक घर रिकामं निघालं होतं. गर्दीही आहे आणि घरं रिकामीही आहेत, असं हे चाललंय.

फोंड्याचा पोरगा

मास्तर, आदर ठेवून सांगतो, तुमचं म्हणणं मला पटलं नाही. येणाऱ्यांना सामावून घ्या म्हणता, पण जाणारे का जातात? मी अभियांत्रिकी केली. इथे मिळालेल्या पहिल्या नोकरीचा पगार फोंड्यात एक खोली भाड्याने घेऊन उरला नसता. माझ्या वर्गातले निम्मे पुण्या-बेंगळुरूला, दोघे जहाजावर, तिघे पोर्तुगालच्या पासपोर्टवर विलायतेत. तुम्ही म्हणता वाडे म्हातारे झाले. वाडे म्हातारे होत नाहीत, तरणी माणसं बाहेर ढकलली जातात.

आणि बाहेरून कमी मजुरीत माणूस मिळतो तोवर कुठला मालक इथल्या मुलाचा पगार वाढवणार? बिहारातला तरणा माणूस इथे येतो ते तिथे त्याला काम नाही म्हणून. त्याच्या घराची दुर्दशा आपल्या सोयीची झाली म्हणून तिला चांगलं म्हणायचं का? त्याच्याही आईने प्रगणकाला त्याचं नाव सांगितलंच असणार.

नर्सबाई, मडगाव

पोरा, शेवटचं वाक्य फार खरं लिहिलंस.

मी वीस वर्षं घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, मास्तरांनी दिलेला बाईमागे १.३ मुलांचा आकडा. गेल्या महिन्यात एका लग्नात एक गृहस्थ माइकवरून म्हणाले की गोव्याच्या मुलींनी आता तीन-तीन मुलं जन्माला घालावीत, नाहीतर आपण संपू. मला ते फार लागलं. गोव्यातली बाई शिकली, उशिरा लग्न करू लागली, तिची बाळं जगू लागली, म्हणून तिने मुलं कमी केली. त्याच पाहणीत गोव्यात हजार जन्मांमागे सहाच्या आत बाळं दगावतात, बिहारात ४७. पाचातलं एखादं जाईल ही भीती जिथे असते तिथे बाई पाच जन्माला घालते. बिहारही खाली येतोय : २००५-०६ ला बाईमागे ४ होती, आता ३. तिकडच्या बायाही त्याच वाटेने चालल्या आहेत, आपल्यामागून. तरी तिथली संख्या आणखी काही वर्षं वाढतच राहणार, कारण आधी जन्मलेल्या मुली आता आया होण्याच्या वयात आल्या आहेत. पाळणे कमी झाले तरी पाळणे हलवणाऱ्याच जास्त आहेत.

दुसरी गोष्ट. मी ज्या घरांत जाते तिथे मुलगा दुबईला, मुलगी लिस्बनला. आईला उचलून बसवणारी मुलगी झारखंडची किंवा ओडिशाची. केरळातही हेच, त्यांची मुलं आखातात आणि त्यांच्याकडे बंगाल-आसामची माणसं. सासष्टीतल्या एका घरी अंथरुणाला खिळलेल्या बाई त्या मुलीला कोकणीत हाक मारतात आणि ती "आयलें" म्हणत धावते. तिला रेशनकार्ड नाही, तापाला सुट्टी नाही. फोंड्याच्या पोरा, मजुरी पडते ती ही मुलगी आली म्हणून नव्हे. तिला हक्क नाहीत म्हणून मालकाला ती स्वस्तात राबवता येते. तिला नियमाने पगार मिळाला तर तुझाही वाढेल.

हिशेबी

भावनांच्या पलीकडचा एक मुद्दा. लोकसभेतला प्रत्येक राज्याचा वाटा १९७१ च्या जनगणनेवर ठरलाय. १९७६ ला तो गोठवला आणि नंतर ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. ज्यांनी कुटुंब लहान ठेवलं त्यांचं वजन घटू नये, हा हेतू. उद्या निव्वळ डोक्यांवर वाटणी झाली तर गोव्याचं काय? २०११ च्या आकड्यांनी एका खासदारामागे देशात २२ लाख माणसं येतात. आपण पुरते पंधरा लाखही नाही. दोनातली एक जागा जाईल.

सांगेकर

हिशेबी, इथे दुरुस्ती. घटनेच्या ८१ व्या कलमात ६० लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या राज्यांना तो प्रमाणाचा नियम लागत नाही. त्या नियमाने आपली जागा जात नाही.

हिशेबी

बरोबर, माझी चूक झाली. तरी सभागृह मोठं केलं आणि आपल्या दोनच राहिल्या तर दोनाचं वजन कमीच होणार. केरळ-तामिळनाडूची खरी भीती तीच आहे. पैशांच्या वाटपात पंधराव्या वित्त आयोगाने २०११ ची लोकसंख्या धरली, तिला १५ टक्के वजन दिलं, आणि जन्मदर आवरणाऱ्यांसाठी वेगळे १२.५ टक्के ठेवले. तसा काही समतोल प्रतिनिधित्वातही शोधावा लागेल. मात्र उत्तरेकडच्या माणसाचं मत आपल्या मतापेक्षा हलकं ठेवायचं हेही कायम चालणार नाही. मला या पेचातून सरळ वाट दिसत नाही.

वाळपईचा मास्तर

सगळ्यांचं वाचलं. फोंड्याच्या पोराने माझी चूक दाखवली, ती मान्य. 'वाडे म्हातारे झाले' असं मी केस पिकल्यासारखं लिहिलं. धाकटा वास्कोला गेला तो काम तिथे होतं म्हणून. सत्तरीत काम असतं तर तो इथून हलला नसता. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

बार्देशकार, तुमच्या आईच्या बादल्यांना माझ्याकडे उत्तर नाही. पण एक विचारतो. त्या पाण्याच्या भांडणात तुमच्यासमोर कोण आहे, चिऱ्यांच्या खोपीत राहणारा गवंडी की अकरा महिने कुलूप असलेल्या फ्लॅटचा मालक? तुम्ही स्वतःच वर उत्तर दिलंय. आपण दोघं "माणसं फार" म्हणतो तेव्हा बोट मात्र गवंड्याकडे जातं. माझं सगळं भांडण एवढ्याचसाठी आहे.

बार्देशकार

बोट चुकतं, कबूल. तरी जागा तेवढीच आहे मास्तर, आणि गवंडी जे बांधतो ते त्या फ्लॅटवाल्यासाठीच बांधतो. बांधकाम थांबवा म्हटलं की गवंड्याचं पोट जातं, चालू ठेवा म्हटलं की माझ्या आईचं पाणी. मी या मुद्द्यावर तुमच्याशी सहमत होणार नाही. प्रत्येक पंचायतीने आपल्याकडे किती पाणी आहे ते मोजून मगच इमारतींना परवानगी द्यावी, माणूस कुठला हे न विचारता. त्याला तुम्ही पाठिंबा द्याल का?

वाळपईचा मास्तर

त्याला देईन. ग्रामसभेत हात वर करीन.

नर्सबाई, मडगाव

मास्तर, त्या आजी आहेत का?

वाळपईचा मास्तर

२०१८ साली गेल्या. थोरला दोन वर्षांनी एकदा येतो. धाकटा चवथीला वास्कोहून येतो, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधतो, पाच दिवसांनी घर बंद करून जातो. यंदा पावसाळ्याआधी त्याने चावी शेजारच्या खोपीतल्या बेळगावच्या कुटुंबाकडे दिली, कौलं हलली तर बघायला. त्यांची मुलगी माझ्या पहिलीच्या वर्गात आहे.